पहिलीचे वय

मे महिना उजाडला की धर्मग्रामाच्या कचेरीत तरुण आईबापांची ये-जा वाढते. बाळाच्या बाप्तिस्म्याचा दाखला त्यांना हवा असतो. नगरपालिकेचा जन्मदाखला त्यांच्याजवळ असतोच. परंतु शाळेच्या अर्जासोबत दोन्ही जोडावयाचे असतात. दाखल्यावर शिक्का उमटत असतानाच बहुधा तो ठरलेला प्रश्न येतो : "फादर, आमची जानेवारीची आहे. म्हणजे चार दिवसांसाठी ती अख्खे वर्ष मागे पडणार का?"

'मागे पडणार' हा शब्दप्रयोग मला नेहमी विचारात पाडतो. तीन वर्षांचे मूल कोणाच्या मागे पडते? ज्या शर्यतीत ते मागे पडते असे आपण समजतो, ती शर्यत केव्हा सुरू झाली? पहिलीत सहाव्या वर्षीच जावे, हे कोणी ठरविले? आपल्या आजोबांच्या काळी असा हिशेब नव्हता, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण तो आला कोठून, हे क्वचितच कोणी विचारतो. मुंबई-वसईच्या वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण या प्रश्नाचा इतिहास शहरापेक्षा एखाद्या डोंगरी खोऱ्यातून अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून या लेखात आपण अधूनमधून आंदर मावळाकडे वळणार आहोत.

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल मळवली आणि कामशेत मागे टाकून कान्हे स्थानकावर थांबते. तेथून उत्तरेकडे वळून इंद्रायणी ओलांडली की टाकवे बुद्रुक, पुढे वडेश्वर, आणि मग सह्याद्रीच्या कड्यापर्यंत गेलेले आंद्रा नदीचे खोरे. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिघांतले हे शेवटचे. भिवपुरीच्या वीजकेंद्रासाठी ठोकरवाडीचे धरण येथे बांधले गेले. ते केंद्र १९२२ साली सुरू झाले आणि वीज मुंबईला गेली. खोऱ्यात मराठा शेतकरी आहेत, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी आहेत. पीक भाताचे, पाऊस अतोनात. पलीकडे लोणावळा-खंडाळ्यास १८६३ साली बोरघाटातून रेल्वे चढली, त्यानंतर बंगले आले, वसतिगृहांच्या इंग्रजी शाळा आल्या. एकाच तालुक्यात एकीकडे तीन वर्षांच्या मुलाला शाळेत बसविण्याची घाई आणि दुसरीकडे आठ वर्षांचे मूल अजून गुरांमागे, अशी दोन टोके दीर्घकाळ शेजारी नांदली. 'लवकर' आणि 'उशिरा' या दोन्ही शब्दांचा अर्थ कळण्यास याहून योग्य जागा मला तरी दिसत नाही.

आरंभ 'इयत्ता' या शब्दापासून करू. संस्कृतात 'इयत्' म्हणजे 'इतके'. 'इयत्ता' म्हणजे इतकेपणा, माप, परिमाण. अमुक इयत्तेचा मुलगा म्हणजे अमुक इतके शिकलेला मुलगा. या शब्दात वयाचा मागमूसही नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण पुढील दीडशे वर्षांची कथा म्हणजे विद्येचे हे माप हळूहळू वयाचे माप कसे बनले, त्याची कथा आहे.

इंग्रजी अमदानीपूर्वी आणि तिच्या पहिल्या काही दशकांतही गावची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळात ती भरे. विद्यारंभ पाचव्या वर्षी करावा असा उच्चवर्णीय घरांतून संकेत होता आणि दसऱ्याचा मुहूर्त त्यास शुभ मानीत. पण तो संकेत होता, नियम नव्हे. मूल केव्हाही येई, पीक काढणीला आले की नाहीसे होई, पुन्हा येई. धुळाक्षरे गिरविणारा पाच वर्षांचा पोर आणि पावकी, निमकी, दीडकी म्हणणारा बारा वर्षांचा मुलगा एकाच सतरंजीवर बसत. वर्ग नव्हते, म्हणून वर्गात मागे राहणेही नव्हते. अर्थात या चित्राचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या ओसरीवर मुली नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्यांची मुले नव्हती, आणि आंदर मावळातल्या ठाकर-कातकऱ्यांना तर पंतोजी कसा असतो हेही पाहावयास मिळाले नसेल.

१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले आणि त्याबरोबर वर्गवारी आली. पुढील दशकात अनुदानाचा नियम असा झाला की, मदत घेणाऱ्या शाळेतील विद्यार्थी ठराविक इयत्तेची परीक्षा उतरला तर शाळेला ठराविक रक्कम मिळावी. परीक्षेस डेप्युटी इन्स्पेक्टर यावयाचे; ग्रामीण जिभेने त्यांचे 'दिपोटी' केले आणि त्या नावाचा धाक दोन पिढ्या टिकला. पैसा निकालावर अवलंबून राहिल्याने प्रत्येक इयत्तेचा अभ्यास निश्चित झाला : इतके वाचन, इतके शुद्धलेखन, इतके पाढे. पहिलीच्या खाली एक पायरी होती, तिचे नाव बिगरी. अंकलिपी घेऊन आलेले मूल तेथे बसे आणि अक्षरओळख झाली की वर चढे. कोणी सहा महिन्यांत चढे, कोणी दोन वर्षे बसे. पु. ल. देशपांड्यांच्या 'बिगरी ते मॅट्रिक' या शीर्षकात त्या शिडीची पहिली आणि शेवटची पायरी नेमकी पकडली आहे.

या शिडीची रचना आजच्या मुलांना समजावून सांगताना माझी नेहमी त्रेधा उडते. मराठी चौथी झाली की दोन वाटा फुटत. एक वाट मराठी सातवीकडे जाई. तिच्या शेवटी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा, आणि ती उतरला की शाळामास्तर किंवा तलाठी होण्याची पात्रता. दुसरी वाट इंग्रजी शाळेची. तेथे गणना पुन्हा एकपासून सुरू होई : इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी चौथी म्हणजे आठवी, इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. एखाद्या घरातील आजोबा 'मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलो' असे म्हणाले की नातवंडे हसतात. त्यांनी हसू नये. आजोबा आजच्या भाषेत सातवी शिकलेले असतात. पुढे महाराष्ट्राने १९७२ पासून दहा अधिक दोनची नवी रचना स्वीकारली, शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली आणि मार्च १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली. त्यामुळे 'मॅट्रिक' या एका शब्दामागे पूर्वी अकरा वर्षांचे शिक्षण होते, नंतर दहा वर्षांचे. इयत्तेचे आकडे असे सरकत आलेले आहेत. ते दगडावर कोरलेले नव्हते.

येथवर वय कोठेच आले नाही. ते आले सक्तीबरोबर.

ज्याने यावे त्याने यावे, अशी शाळा असेल तर वय विचारण्याचे प्रयोजन नसते. पण 'प्रत्येकाने आलेच पाहिजे' असे राज्यसंस्था म्हणू लागली की 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' हे आकड्यांत सांगावे लागते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी होती. त्यांनी वरची मर्यादा सांगितली, आणि ते स्वाभाविकच होते. कष्टकऱ्याचे पोर शाळेतून काढून कामाला लावण्याचे वय हीच त्यांची चिंता होती. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. तेथे प्रारंभाचे वय सात होते. नामदार गोखले यांनी मार्च १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले, त्यात मुलग्यांसाठी सहा ते दहा वर्षे असा पट्टा होता. वर्षभराने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्ती लागू केली आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे थट्टा नव्हे! १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकामुळे मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. खेड्यांची पाळी त्यानंतर आली, आणि आंदर मावळासारख्या दुर्गम खोऱ्याची बहुतेकांच्या नंतर.

सात की सहा? इंग्लंडने आपल्या मुलांसाठी पाच वर्षे ठरविली होती, आणि ती आजतागायत आहेत. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जाते, आणि त्या देशातील मुले त्यामुळे अडाणी राहिल्याचे ऐकिवात नाही. आकडा निसर्गाने दिलेला नाही, एवढे यातून सिद्ध होते. आपल्या ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाने शतकानुशतके छळले आहे. मुलाला प्रथम ख्रिस्तप्रसाद केव्हा द्यावा? 'विवेकाचे वय' आले म्हणजे, असे १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने म्हटले. पण ते वय कोणते याविषयी पुढे मते फुटत गेली आणि अनेक देशांत मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत तिष्ठत ठेवण्यात आले. अखेर ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या काळात आदेश निघाला की हे वय सातव्या वर्षाच्या सुमारास येते. 'सुमारास' हा शब्द मला फार शहाणपणाचा वाटतो. थोडे अलीकडे, थोडे पलीकडे. आणि मूल तयार आहे की नाही हे आईवडिलांनी व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने पाहावे. सरकारी कायद्याला 'सुमारास' म्हणता येत नाही. त्याला तारीख लागते.

आणि तारीख तर आंदर मावळात कोणाजवळ नव्हती.

आपल्या वाचकांना याची कल्पना करणे थोडे अवघड जाईल. १५६३ साली ट्रेंट धर्मपरिषदेने धर्मग्रामांना नोंदवह्या ठेवण्याविषयी बजावले, आणि तेव्हापासून गरिबातल्या गरीब कॅथलिक कुटुंबाच्या मुलाचेही नाव कोणत्यातरी जाड वहीत तारखेनिशी उतरत आले आहे. मावळातल्या आईजवळ अशी वही नव्हती. तिची वही म्हणजे ऋतू आणि आपत्ती. पोरगा भाताच्या लावणीत झाला; पोरगी झोडणीच्या वेळी. पानशेत फुटले त्या पावसाळ्यात एक, म्हणजे १९६१. कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात दुसरा, म्हणजे १९६७. मोठ्या दुष्काळात तिसरी, म्हणजे १९७२. ही कालगणना खोटी नाही. दिवस सांगता आला नाही तरी तिने वर्ष आणि ऋतू अचूक सांगितला आहे. परंतु शाळेच्या जनरल रजिस्टरात 'झोडणीच्या वेळी' असे लिहिण्याचा रकाना नसतो.

मग मास्तर काय करीत? प्रथम मुलाला समोर उभे करून उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावयास सांगत. बोटे कानाला पोहोचली तर सहा वर्षे झाली असे समजावयाचे. ही परीक्षा हसण्यासारखी वाटते, पण तिच्यात निरीक्षण होते. लहान मुलाचे डोके देहाच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत हात लांबतो. कागदावरची तारीख जे सांगत नाही ते, म्हणजे या मुलाचा देह किती वाढला आहे हे, ती परीक्षा सांगत असे. आणि एकदा कान धरला गेला की मास्तर टाक दौतीत बुडवून जन्मतारीख लिहीत : १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, मुलाला त्या दिवशी सहा पूर्ण हवीत, म्हणून सहा वर्षांपूर्वीची १ जून. अंकी आणि अक्षरी.

अशा रीतीने महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची एक प्रचंड पिढी निर्माण झाली. भावंडे असत, दोघांचीही तारीख १ जून, मध्ये दोन वर्षांचे अंतर. सख्खे असूनही मध्ये आठच महिन्यांचे अंतर पडलेल्या भावांच्या कथा निवृत्त शिक्षक चवीने सांगतात. एकाची तारीख आईला ठाऊक होती, दुसऱ्याची मास्तरांनी घातली. एखादा दूरदृष्टीचा मास्तर वय एखाद्या वर्षाने कमी लिही, म्हणजे पुढे नोकरीला मर्यादा आड येऊ नये. एखादा पटसंख्येच्या चिंतेतला मास्तर वाढवून लिही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तीच तारीख पुढे नोकरीत, शिधापत्रिकेवर, मतदारयादीत आणि पारपत्रात गेली. नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची झुंबड उडते.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. सामान्यतः आपण असे समजतो की मुलाचे वय हे सत्य आहे आणि शाळा त्याला अनुसरून ठरते. आंदर मावळासारख्या प्रदेशात उलटे घडले. शाळेचा पहिला दिवस हे सत्य होते आणि मुलाचा जन्म त्याला अनुसरून ठरला.

शिवाय तो पहिला दिवस तरी कोणासाठी योजलेला होता? जूनचा मध्य म्हणजे या खोऱ्यात मृगाचा पाऊस. विदर्भातील उन्हाळ्याचा विचार करून तेथील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, हे आपण जाणतो. मावळात मात्र शाळा उघडली की ओढे फुगतात. वाडीपासून शाळेपर्यंतच्या वाटेत दोन ओढे असतील तर सहा वर्षांचे मूल ते ओलांडू शकत नाही; आठ वर्षांचे कदाचित ओलांडते. जुलैत लावणी सुरू झाली की आईबाप दिवसभर खाचरात, आणि धाकट्याला सांभाळावयाचे काम त्याच सहा-सात वर्षांच्या बहिणीकडे. म्हणून रजिस्टरात सहाव्या वर्षी दाखल झालेले मूल प्रत्यक्षात शाळेत बसू लागे ते दिवाळीनंतर, नाहीतर पुढच्या सालानंतर. त्याला आळशी म्हणणारे अहवाल पुष्कळ लिहिले गेले. ओढ्यावर साकव बांधण्याचे अहवाल त्यामानाने कमी असावेत.

आता सहाच्या खालच्या मुलांकडे वळू. फ्रोबेलने जर्मनीत १८३७ मध्ये लहानग्यांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', मुलांची बाग, हे नाव दिले. खेळ, गाणी आणि प्रत्यक्ष बाग हा तिचा आत्मा. आपल्या शहरांत 'केजी' ही दोन अक्षरे राहिली आणि बाग कोठे गेली कोणास ठाऊक. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. या श्रद्धाळू कॅथलिक विदुषीने कामकऱ्यांची, दिवसभर जिन्यांवर भटकणारी मुले घेतली, हे विसरता कामा नये. तिच्या नावाने आज ज्या महागड्या शाळा चालतात त्या पाहून तो विसर सहज पडतो. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या.

पण महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे नाव ताराबाई मोडकांचे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या आल्या, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढला, आणि शहरात नाव झाले असताना १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. आपल्या वसईच्या वाचकांना हा मुलूख परका नाही. तेथे त्यांना आढळले की बालवाडी काढली तरी दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले येत नाहीत. तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आला आहे. १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर आणखी एक अडचण दिसली. थोडी मोठी वारली मुले गुरांमागे रानात असत. मग गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच छपराखाली घेणारी 'विकासवाडी' हीसुद्धा त्यांचीच योजना. बहीण शाळेत बसली तर धाकटा भाऊ तिच्या शेजारीच पाळण्यात असावयाचा. आंदर मावळातल्या त्या लावणीच्या दिवसांतील मुलीसाठी याहून अचूक उत्तर कोणी शोधले असेल असे मला वाटत नाही. मुलाने शाळेच्या वयात यावे, असा हट्ट ताराबाईंनी धरला नाही. मूल जेथे आणि ज्या वयात असेल तेथे शाळा गेली.

सरकारने यातला शब्द घेतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तिने पोषण आणि लसीकरणाचे मोठे काम केले. मात्र अंगणवाडी एका खात्याची व शाळा दुसऱ्या खात्याची, अशी जी भिंत उभी राहिली तिला कोसबाडच्या विकासवाडीत जागा नव्हती.

मोठ्या मुलांच्या बाबतीतही पुणे जिल्ह्यात एक स्मरणीय प्रयत्न झाला. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक आणि त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून या जिल्ह्यातील खेड्यांत, शाळा सुटलेल्या किंवा कधीच न लाभलेल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग चालविले. दिवसभर गुरे राखून आलेली मुले कंदिलाच्या उजेडात शिकत आणि परीक्षेऐवजी 'बालजत्रा' भरे. नाईक ज्या आयोगाचे सचिव होते त्याने पहिलीत सहा वर्षांखालील मूल शक्यतो घेऊ नये असे सुचविले होते; पण सहाची गाडी चुकलेल्यांसाठी स्थानकावर कोणीतरी थांबले पाहिजे, हेही त्यांनी ओळखले होते.

घटनेचा विषय येथेच उरकून घेऊ. १९५० च्या घटनेतील ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले. त्यात खालची मर्यादा नव्हती. तीन वर्षांचे मूलही त्या वाक्यात बसत होते. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि त्याच वेळी 'सहा ते चौदा' असे शब्द घातले. सहाखालची बालके मार्गदर्शक तत्त्वातच राहिली. हक्क मिळाला खरा, परंतु गरिबाचे तीन-चार वर्षांचे मूल त्याच्या उंबरठ्याबाहेर उभे राहिले, आणि श्रीमंतांच्या त्याच वयाच्या मुलांसाठी बाजार उघडा राहिला.

हा बाजार किती बोकाळला होता ते १९९६ मध्ये दिसले. अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेऊन प्रवेश देण्याच्या प्रथेला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला कायदा करावा लागला. बोबडे बोलणाऱ्या मुलाला परीक्षकापुढे बसविणे हा अपराध आहे असे कायद्याने सांगावे लागावे, यावर अधिक भाष्य नको. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्यानेही प्रवेशाच्या चाचण्यांना मनाई केली.

पुढे २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने वय निश्चित केले : नर्सरीसाठी तीन पूर्ण, पहिलीसाठी सहा पूर्ण, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करावयाचे. वाद पेटला तो 'केव्हा पूर्ण' यावरून. आधी ३१ जुलै, मग ३० सप्टेंबर, आणि सप्टेंबर २०२० च्या निर्णयाने ३१ डिसेंबर. हा हिशेब आपल्या पालकांनी एकदा कागदावर मांडून पाहावा. ३१ डिसेंबरला सहा पूर्ण करणारे मूल त्याच वर्षीच्या जूनमध्ये साडेपाच वर्षांचेही नसते. १ जानेवारीला जन्मलेले मूल पुढील जूनपर्यंत थांबते आणि तेव्हा ते जवळजवळ साडेसहाचे असते. दोघांचा जन्म एका दिवसाच्या अंतराने, पण डिसेंबरचे मूल वर्गात सर्वांत धाकटे बसते आणि जानेवारीचे थोरले. आईबापांना जानेवारीची मुलगी 'मागे पडलेली' वाटते. पहिलीतल्या बाईंना विचारावे, पेन्सिल कोणाच्या बोटांत नीट बसते आणि दुपारी बाकावर डोके टेकून कोण झोपते. सहाचा नियम केला आणि मग सहा महिन्यांची सवलत दिली, यात मुलांपेक्षा उतावळ्या पालकांचे समाधान अधिक झाले, असे माझे मत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या पाच वर्षांचा एकच पायाभूत स्तर कल्पिला आहे. त्यात बालवाडी आणि पहिली-दुसरी एकत्र येतात. ताराबाईंच्या विकासवाडीचा धागा त्यात कोणाला दिसला तर ती दृष्टी चुकीची नव्हे.

आंदर मावळाच्या दृष्टीने मात्र २००९ च्या कायद्यातील चौथे कलम महत्त्वाचे. सहा वर्षांवरील जे मूल कधीच शाळेत गेले नाही, त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे आणि बरोबरीस आणण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे ते सांगते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचे दहा वर्षांचे पोर पूर्वी पहिलीत सहा वर्षांच्यांमध्ये बसविले की शरमेने चार दिवसांत पळून जाई. आता ते पाचवीत बसते. शरम गेली हे मोठेच काम झाले. पण विशेष प्रशिक्षण कागदावर राहिले तर पाचवीच्या बाकावर अक्षरओळख नसलेले मूल बसते, आणि 'इयत्ता' या शब्दातला 'इतकेपणा' पुरता नाहीसा होतो; उरते ते केवळ वय. २०२३ पासून महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली, तीमागे हीच अस्वस्थता होती. भट्टीवरून मार्चअखेरीसही न परतलेल्या मुलाला ती परीक्षा काय देणार, हा प्रश्न तिच्याने सुटत नाही.

राहता राहिली जन्मतारीख. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखला हाच पुरावा धरला जाईल. मास्तरांची १ जून त्याबरोबर इतिहासजमा होईल. परंतु जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी, एकवीस दिवसांत करावयाची असते. मावळातील कातकरी बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या भट्टीवर बाळंत झाली तर नोंद तेथल्या ग्रामपंचायतीत. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. २००९ च्या कायद्याचे चौदावे कलम सांगते की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. नव्या दाखल्याची पहिली मुले जून २०२९ मध्ये पहिलीच्या दारात येतील, आणि त्या दिवशी ही दोन्ही कलमे मुख्याध्यापकांच्या टेबलावर शेजारी शेजारी असतील.